पाण्याबरोबर खाली गेलेला कार्बन : उत्तर अटलांटिकमधील २००८ च्या वसंतबहराचे प्रकरण

२००८ च्या एप्रिल महिन्यात आइसलँडच्या दक्षिणेस, ६० अंश उत्तर अक्षांश आणि २० अंश पश्चिम रेखांशाच्या आसपासच्या समुद्रात, संशोधकांनी चार सीग्लायडर (आपोआप बुडी मारून वर येणारी मोजणीची यंत्रे) आणि पाण्याबरोबर वाहत राहणारा एक तरंगक सोडला. दर वर्षी वसंतात या भागात वनस्पतिप्लवकांचा, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या सूक्ष्म जीवांचा, मोठा बहर येतो आणि समुद्राच्या पृष्ठभागावरचा त्याचा हिरवेपणा उपग्रहांच्या चित्रांतही दिसतो. बहर सुरू होण्याआधीपासून तो ओसरेपर्यंत पाण्यात काय घडते, हे सलग मोजावे असा मोहिमेचा हेतू होता. जमा झालेल्या नोंदी तपासताना त्यांत एक विसंगती पुन्हा पुन्हा आढळली. १०० ते ३५० मीटर खोलीवर, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला पुरेसा उजेड जिथे पोहोचत नाही अशा ठिकाणी, हरितद्रव्याने आणि सेंद्रिय कार्बनाने समृद्ध असलेले पाण्याचे पट्टे सापडत होते, आणि त्यांच्या आजूबाजूला मात्र त्या खोलीला साजेसे, हरितद्रव्य फारसे नसलेले पाणी होते. हे हिरवे पाणी तिथवर पोहोचले कसे, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. मेलिसा ओमांड, एरिक डासारो, क्रेग ली, मेरी जेन पेरी, अमला महादेवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे उत्तर २०१५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील पदवीच्या विद्यार्थ्यांच्या आमच्या अभ्यासगटात हे प्रकरण आम्ही मुद्दाम घेतले. खानदेशाला समुद्रकिनारा नाही; आपली तापी गुजरातेत जाऊन सुरतेजवळ खंबातच्या आखाताला मिळते, एवढाच आपला समुद्राशी प्रत्यक्ष संबंध. परंतु कार्बन हा शब्द आता रावेर-यावलच्या केळीच्या बागांपर्यंत आणि शिरपूर-चोपड्याच्या कपाशीच्या शेतांपर्यंत पोहोचला आहे. कार्बन क्रेडिटची बोलणी कानावर येतात आणि घरी शेती असलेले विद्यार्थी स्वाभाविकपणे विचारतात की मातीत गेला म्हणतात तो कार्बन किती, तो खरोखर गेला हे कोणी कसे मोजले, आणि तो तिथे किती वर्षे राहणार. हेच तीन प्रश्न समुद्राला विचारले, तर उत्तर अटलांटिकचे हे प्रकरण त्यांतल्या दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे पुराव्याच्या प्रश्नाचे, अतिशय काटेकोर उत्तर देते. माझ्या मते त्याचे खरे मोल तिथे आहे.

जुने स्पष्टीकरण आणि त्यातली उणीव

पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी सुमारे निम्मे काम समुद्रातील सूक्ष्म वनस्पतिप्लवक करतात. ते पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचे सेंद्रिय पदार्थ बनवतात. त्यातला बराचसा भाग वरच्या थरातच खाल्ला जातो, श्वसनातून पुन्हा वायू होतो, आणि थोडा भाग खोल जातो. खोल जाण्याच्या या क्रियेला जैविक पंप म्हणतात. हा पंप नसता, तर हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे २०० भागांनी अधिक असते असा अंदाज केला जातो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हे प्रमाण सुमारे २८० होते, हे लक्षात घेतले म्हणजे पंपाचे महत्त्व कळते.

कार्बन खोल जातो तो कण जड होऊन बुडतात म्हणून, असे स्पष्टीकरण अनेक दशके पुरेसे मानले गेले. डायटम या काचेसारखे कवच असलेल्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके होतात, प्राणिप्लवकांची, म्हणजे पाण्याबरोबर वाहणाऱ्या लहान प्राण्यांची, विष्ठा गोळ्यांच्या रूपाने पडते, आणि हे सारे दिवसाला दहा-वीस मीटरपासून शेकडो मीटरपर्यंतच्या वेगाने खाली जाते. खोल पाण्यात सापळे टांगून हा वर्षाव मोजता येतो. हे स्पष्टीकरण चुकीचे नाही. २००८ च्या याच मोहिमेत डायटमांचे पुंजके दिवसाला सरासरी सुमारे ७५ मीटर वेगाने बुडताना नोंदले गेले.

पण बुडण्याचा वेग कणाच्या त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे बदलतो. कण दहापट लहान झाला की, बाकी सारे तेच असेल तर, वेग शंभरपट कमी होतो. एक-दोन मायक्रॉन आकाराची पेशी एकटी असताना दिवसाला मीटरभरही खाली जात नाही. ती अंधाऱ्या पाण्यात पोहोचण्याच्या कितीतरी आधी कोणीतरी तिला खाऊन टाकते किंवा ती कुजते. म्हणून लहान पेशींमधला आणि पाण्यात विरघळलेला सेंद्रिय कार्बन खोल जाण्याच्या हिशेबात कमी धरला जात असे. दुसरीकडे एक तूट सतत खटकत होती. मधल्या खोलीवरचे जीवाणू आणि प्राणी जेवढा कार्बन वापरताना दिसतात, तेवढा कार्बन वरून पडताना सापळ्यांत अनेक ठिकाणी आढळत नव्हता. खर्च दिसत होता आणि आवक पुरत नव्हती. आवकेचा एखादा मार्ग मोजणीतून सुटत असावा, अशी शंका त्यामुळे होती.

मोजणी आणि पुरावा

सीग्लायडर हे पंखे नसलेले, टॉर्पेडोच्या आकाराचे यंत्र आहे. आतले तेल बाहेरच्या लवचीक पिशवीत ढकलले की त्याचे आकारमान वाढते आणि ते वर येते. तेल परत आत घेतले की ते खाली जाते. लहान पंखांमुळे ही उभी हालचाल तिरकी होते आणि यंत्र करवतीच्या दात्यांसारखा मार्ग काढत हजार मीटरपर्यंत जाऊन वर येते. वर आल्यावर ते उपग्रहामार्फत आपल्या नोंदी पाठवते. इंधन जवळजवळ लागत नसल्यामुळे ते महिनोन्‌महिने काम करू शकते. जहाज वादळात परत फिरते. ग्लायडर फिरत नाही, आणि या मोहिमेत बहराची सलग नोंद मिळाली ती त्यामुळेच.

प्रत्येक बुडीत ग्लायडर तापमान, क्षारता, विरघळलेला ऑक्सिजन, हरितद्रव्याची प्रकाशदीप्ती आणि कणांवरून मागे परतणारा प्रकाश मोजत होते. शेवटच्या मोजणीवरून पाण्यात कणरूप सेंद्रिय कार्बन किती आहे, याचा अंदाज करतात. आता १०० ते ३५० मीटरवरच्या त्या पट्ट्यांकडे पाहू. त्यांत कार्बन जास्त होता, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही; वरून बुडालेले पुंजकेही कार्बन आणतातच. हरितद्रव्य जास्त होते, हे थोडे अधिक सांगते, कारण अंधारात ते टिकत नाही आणि म्हणून हे कण अलीकडेच वरून आले असावेत. निर्णायक पुरावा इतर मोजण्यांनी दिला. त्या पट्ट्यांतील ऑक्सिजनही आजूबाजूच्या पाण्यापेक्षा जास्त होता आणि त्यांचे तापमान व क्षारता पृष्ठभागाजवळच्या पाण्याशी जुळत होती.

हा मुद्दा आम्ही गटात सर्वांत जास्त वेळ घोळवला, कारण सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. बुडणारा कण आपल्याबरोबर कार्बन नेतो, पण वरचा ऑक्सिजन नेत नाही, वरची क्षारता नेत नाही, वरचे तापमानही नेत नाही. उलट, खाली पोहोचलेला कण कुजताना तिथला ऑक्सिजन खर्च होतो, म्हणजे बुडणाऱ्या कणांच्या मार्गावर कार्बन वाढत असताना ऑक्सिजन घटायला हवा. इथे दोन्ही एकत्र वाढलेले दिसतात. याचा अर्थ एकच होऊ शकतो : इथे कण पाण्यातून खाली पडलेले नाहीत, तर वरचे पाणीच आपल्यातल्या पेशी, विरघळलेला कार्बन आणि ऑक्सिजन यांसह खाली गेले आहे. न बुडणाऱ्या पेशींनाही मग खोल जाण्याचा मार्ग मिळतो, कारण त्यांना स्वतः बुडावे लागतच नाही.

पाणी खाली का जाते

समुद्राचे पाणी सहजासहजी खाली जात नाही. खालचे पाणी थंड आणि जड असते, वरचे हलके. हलके पाणी जड पाण्याच्या खाली सरकायला काहीतरी कारण हवे. ते कारण भोवऱ्यांच्या कडेला मिळते. दहा ते दोनशे किलोमीटर व्यासाचे भोवरे समुद्रात सर्वत्र असतात, आणि ते फिरताना वेगवेगळ्या घनतेचे पाणी एकमेकांजवळ ओढून आणतात. जिथे थोड्या अंतरात घनता झपाट्याने बदलते, त्या सीमारेषेला समुद्रशास्त्रात आघाडी म्हणतात.

चांगदेव येथे पूर्णा तापीला मिळते तिथे, दोन्ही नद्यांच्या पाण्याचा रंग वेगळा असेल तेव्हा, सांध्याची रेषा काही अंतरापर्यंत ओळखू येते आणि त्या रेषेवर फेस व पालापाचोळा जमतो. दोन्ही बाजूंचे पाणी त्या रेषेकडे येते आणि खाली वळते; तरंगणारे तेवढे वर अडकून राहते. समुद्रातल्या आघाडीवरही पाणी असेच एकत्र येऊन खाली वळते, आणि वनस्पतिप्लवक पालापाचोळ्यासारखे तरंगून राहणारे नसल्यामुळे पाण्याबरोबर खाली जातात. साम्य इथे संपते, कारण नदीच्या पात्रात पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम नगण्य असतो, तर समुद्रातली सारी गोष्ट त्या परिवलनाभोवती फिरते.

समुद्रात हलके आणि जड पाणी शेजारी आले, तर जड पाणी लगेच हलक्या पाण्याखाली पसरून समतोल साधेल अशी आपली अपेक्षा असते. परिवलनामुळे तसे होत नाही. दाबातील फरक आणि कोरिऑलिस परिणाम (परिवलनामुळे वाहत्या पाण्याला मिळणारे वळण) एकमेकांना तोलून धरतात आणि पाणी आघाडी ओलांडण्याऐवजी तिच्या कडेकडेने वाहू लागते. हा तोल टिकला तर उभी हालचाल फारच थोडी असते. परंतु भोवरे आघाडीला दाबून अरुंद करतात, प्रवाह वेगवान होतो आणि काही किलोमीटरच्या अंतरात तोल बिघडतो. तो सावरताना आघाडीच्या आरपार एक दुय्यम अभिसरण सुरू होते, ज्यात हलक्या बाजूचे पाणी वर येते आणि जड बाजूचे खाली जाते. मोकळ्या समुद्रात पाण्याची उभी हालचाल दिवसाला जेमतेम मीटरभर किंवा त्याहून कमी असते. अशा अरुंद आघाड्यांवर ती दिवसाला दहापट, क्वचित शंभरपट वाढते. खाली जाणारे पाणी विहिरीत सोडलेल्या दगडासारखे सरळ खाली पडत नाही. ते समान घनतेच्या तिरप्या पातळीवरून घसरत जाते आणि शंभर मीटर खाली पोहोचेपर्यंत कित्येक किलोमीटर आडवे सरकलेले असते. म्हणून एका जागी टांगलेल्या सापळ्यात ते कधी सापडत नाही.

ओमांड आणि सहकाऱ्यांनी उच्च विभेदनाच्या, म्हणजे बारीक चौकटींच्या, संगणकीय प्रतिमानात हीच स्थिती उभी केली, तेव्हा कार्बनसमृद्ध पाणी १ ते १० किलोमीटर रुंदीच्या सलग जिभांच्या रूपाने, बहुधा भोवऱ्यांच्या परिघावरून, खाली उतरताना दिसले. जगाच्या कार्बनचक्राची प्रतिमाने साधारणपणे याहून कितीतरी मोठ्या चौकटींवर चालतात. त्यांत ही जीभ एका चौकटीच्या आत हरवते आणि तिने नेलेला कार्बन हिशेबात येत नाही.

किती, आणि कधी

खाली जाते तेवढे पाणी वरही येते. दोन्ही पाण्यांत सारखाच कार्बन असता, तर निव्वळ वाहतूक शून्य झाली असती. खाली जाणाऱ्या पाण्यात कार्बन जास्त आणि वर येणाऱ्या पाण्यात कमी असेल, तरच हा मार्ग कामाचा, आणि म्हणून हंगामाला इथे निर्णायक महत्त्व येते. हिवाळ्यात वारा आणि थंडीमुळे पृष्ठभागाचे पाणी शेकडो मीटर खोलवर ढवळले जाते, पण तेव्हा त्यात पेशी विरळ असतात. उन्हाळ्यात पेशी असतात, पण मिश्र थर (पृष्ठभागापासून ढवळला जाणारा पाण्याचा थर) इतका उथळ झालेला असतो की जिभा खोल उतरत नाहीत. या दोहोंच्या मधल्या काही आठवड्यांत मिश्र थर अजून बराच खोल असतो, आघाड्या तीव्र असतात आणि बहरही सुरू झालेला असतो.

याच मोहिमेतून निघालेल्या २०१२ च्या दुसऱ्या निबंधात महादेवन आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते की बहर सुरू करून देणारेही भोवरेच आहेत. ते हलके पाणी जड पाण्यावर पसरवून थर बांधतात, पेशी उजेडात टिकून राहतात, आणि केवळ सूर्याच्या उष्णतेने थर बांधले गेले असते त्यापेक्षा २० ते ३० दिवस आधी बहर येतो. दोन्ही निबंध एकत्र वाचले म्हणजे ध्यानात येते की थर बांधणारी आणि कार्बन खाली नेणारी हालचाल वेगळी नाही. हलके पाणी वर पसरते त्याच वेळी त्याच्या शेजारचे जड पाणी खाली सरकत असते. या प्रकरणातली मला सर्वांत सुंदर वाटलेली गोष्ट हीच.

भोवऱ्यांमुळे होणारी ही वाहतूक उत्पादक उपध्रुवीय समुद्रांत वसंत ऋतूतील कणरूप सेंद्रिय कार्बनाच्या एकूण निर्यातीच्या (वरच्या थरातून खाली जाण्याच्या) निम्म्यापर्यंत असू शकते, असा २०१५ च्या निबंधाचा निष्कर्ष आहे. या वाक्यातला एकही शब्द गाळू नये, असे मी विद्यार्थ्यांना बजावले. ‘निम्म्यापर्यंत’ ही कमाल मर्यादा आहे, ‘वसंत ऋतूतील’ हा काळ आहे आणि ‘उपध्रुवीय समुद्र’ ही जागा आहे. जगातल्या समुद्रात जाणारा निम्मा कार्बन भोवरे नेतात, असे कोणी सांगितले तर ते या निबंधात नाही.

तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे कार्बन किती काळ राहतो याचे, उत्तर अधिक सावधपणे द्यावे लागते. उत्तर अटलांटिकच्या या भागात हिवाळी मिश्रण काहीशे मीटरपर्यंत पोहोचते. वसंतात २०० मीटरवर गेलेला कार्बन त्या मिश्रणाच्या पट्ट्यात राहिला, तर पुढच्या हिवाळ्यात कुजून झालेला कार्बन डायऑक्साइड पुन्हा वर येऊन हवेत जाऊ शकतो. जे पाणी समान घनतेच्या थरातून आडवे सरकत हिवाळी मिश्रणाच्या कक्षेबाहेर जाते, त्यातला कार्बन दशके किंवा त्याहून अधिक काळ खाली राहतो. वेगाने बुडणारे डायटमांचे पुंजके हजार मीटरच्या आसपास पोहोचतात तेव्हा त्यांचा कार्बन शतकांसाठी दूर जातो. म्हणून टनांची बेरीज समान असली, तरी दोन मार्गांची किंमत समान नसते. निर्यात आणि साठवण यांतला हा फरक शेतातल्या कार्बनाच्या व्यवहारातही तितकाच लागू आहे आणि तो विचारणारे विद्यार्थी बरोबर विचारत होते.

इतर समुद्रांत

२००८ चे निरीक्षण एकटे राहिले नाही. दक्षिण महासागरातील जैवरासायनिक आर्गो तरंगकांच्या (पाण्याबरोबर वाहत, बुडी मारून मोजणी करणाऱ्या स्वयंचलित यंत्रांच्या) नोंदींतही खाली उतरलेल्या पाण्याचे असे पट्टे ओळखले गेले. पश्चिम भूमध्य समुद्रातील मोहिमांमध्ये आघाड्यांवरून उतरणाऱ्या पाण्याचे नमुने घेतले गेले, आणि मारा फ्रायलिक व सहकाऱ्यांच्या २०२४ च्या निबंधाने उजेडातल्या सूक्ष्मजीवांचे समूह अंधाऱ्या पाण्यात जिवंत पोहोचतात, हे दाखवले.

भारतीय वाचकाने याच्या शेजारी ठेवून पाहावा असा प्रयोग म्हणजे २००९ चा लोहाफेक्स. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी दक्षिण अटलांटिकमध्ये एका भोवऱ्याच्या गाभ्यात सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोह मिसळून बहर घडवला. बहर आला, पण पाण्यात सिलिका, म्हणजे डायटमांच्या कवचाला लागणारा पदार्थ, कमी असल्याने डायटम वाढले नाहीत, वाढलेल्या लहान पेशी प्राणिप्लवकांनी खाल्ल्या आणि खोल गेलेला कार्बन फारच थोडा निघाला. भोवऱ्याचा गाभा निवडण्यामागे मिसळलेले लोह विखरू नये हा रास्त विचार होता. पण २००८ च्या नोंदी मनात ठेवून या प्रयोगाकडे पाहिले, तर लक्षात येते की पाणी खाली नेणाऱ्या जिभा मुख्यतः भोवऱ्याच्या कडेला असतात, गाभ्यात नाही.

आणि आपल्या अरबी समुद्राचे काय? तिथे भोवरे आहेत, उन्हाळी मोसमी वाऱ्यांच्या काळात ओमान आणि सोमालियाच्या किनाऱ्यांवरून थंड, पोषक पाण्याचे लांब पट्टे समुद्रात शिरतात, आणि आर्गो तरंगकांच्या नोंदी उपलब्ध आहेत. तरीही उत्तर अटलांटिकची कसोटी तिथे जशीच्या तशी लावता येणार नाही. पर्शियन आखातातून येणारे खारट, जड पाणी अरबी समुद्रात साधारण २०० ते ४०० मीटर खोलीवर पसरते. त्यामुळे त्या खोलीवर वेगळी क्षारता दिसली, म्हणजे वरचे पाणी नुकतेच खाली आले असे म्हणता येत नाही. हरितद्रव्यही फसवू शकते. अरबी समुद्रात ऑक्सिजन जवळजवळ संपलेल्या थराच्या वरच्या भागात, शंभर मीटरच्या आसपास, अत्यल्प उजेडावर जगणाऱ्या प्रोक्लोरोकोकस पेशींचा स्वतंत्र थर आढळतो, आणि त्या पेशी तिथल्याच असतात, वरून आलेल्या नसतात.

उरतो तो ऑक्सिजन. साधारण १५० ते १००० मीटरच्या दरम्यान अरबी समुद्राच्या मोठ्या भागात ऑक्सिजन इतका कमी असतो की वरून आलेले पाणी त्यात मिसळले, तर त्याची खूण अटलांटिकपेक्षाही ठळक दिसायला हवी, आणि सूक्ष्मजीव तो वापरून टाकत असल्यामुळे ती खूण थोडाच काळ टिकायला हवी. म्हणून गटाने पुढच्या वाचनासाठी ठरवलेला क्रम असा आहे : आधी आजूबाजूपेक्षा वाढलेला ऑक्सिजन कुठे आहे ते शोधायचे, मग तिथे परतणाऱ्या प्रकाशावरून कण आहेत का ते पाहायचे, मग क्षारता पर्शियन आखाताच्या पाण्याशी जुळते की पृष्ठभागाच्या पाण्याशी हे तपासायचे, आणि हरितद्रव्याची साक्ष सर्वांत शेवटी घ्यायची.